मोठ्या उद्योगसमूहांना बँक काढू द्यावी का?

तुमचा मुद्दा असा, की नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या लघुउद्योजकाला बँका कर्जासाठी हेलपाटे घालायला लावतात. मग पैसेवाल्या समूहांनी स्वतःची बँक काढली तर बिघडलं कुठे?

माझ्या मते सध्याच्या कायद्यात तरी नको. भांडवल घालू द्या, चाव्या देऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या 2016 च्या बँक परवाना धोरणात हेच आहे. समूहाची मालमत्ता 5,000 कोटी किंवा त्याहून जास्त आणि त्यात बिगर-वित्तीय धंद्याचा वाटा 40 टक्के किंवा अधिक असेल, तर तो बँकेचा प्रवर्तक (स्थापन करून ताबा ठेवणारा) होऊ शकत नाही, पण 10 टक्क्यांपर्यंत भागभांडवल घेऊ शकतो. नोव्हेंबर 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेच्या अंतर्गत गटाने कायदा दुरुस्त करून दार उघडा असं सुचवलं. गटाने ज्या तज्ज्ञांशी बोलणी केली त्यातला एक सोडून सगळे विरोधात होते. पुढच्या वर्षी 33 पैकी 21 शिफारशी मान्य झाल्या, त्यात ही नव्हती.

बँकिंग नियमन कायद्याचं कलम 20 संचालकाला आणि त्याचं हित गुंतलेल्या कंपनीला कर्ज द्यायला मनाई करतं. पण कायदा कर्जदाराचं नाव बघतो, पैसा पुढे कुठे गेला ते कळायला वेळ लागतो. समजा, समूहाची एक कंपनी अंबडच्या व्हेंडरकडून पार्ट घेते. समूहाची बँक त्या व्हेंडरला 10 कोटींची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं खेळत्या भांडवलाचं कर्ज) मंजूर करते. तो त्यातले 8 कोटी कच्च्या मालाचा ॲडव्हान्स म्हणून समूहाच्याच दुसऱ्या कंपनीला देतो. ऑर्डर आहे, कागद चोख. माल मात्र येतच नाही. बँकेच्या वहीत कर्जदार परका, त्यामुळे कलम 20 लागत नाही. समूह अडचणीत आला की व्हेंडरचं व्याज थकतं, आणि ते फेडायला लिमिट वाढवून मिळते, कारण नाही म्हणणाऱ्या अधिकाऱ्याची बढती मालकाच्याच हातात. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँक तर सहकारी होती, तरी 70 टक्क्यांहून जास्त कर्ज एका बांधकाम समूहाकडे अडकलं. हजारो बनावट खात्यांआड ते लपवलं होतं. 2019 मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येत होते.

दुसरी अडचण तुमच्यासारख्यांची, आणि ती फारशी कोणी बोलत नाही. सीसी असली की दरमहा स्टॉक स्टेटमेंट आणि ज्यांच्याकडून पैसे येणं आहे त्यांची यादी बँकेत द्यावी लागते. कोणाला किती माल दिला, किती दिवसांची उधारी, सगळं त्यात असतं. बँकेचा मालक तुमच्याच धंद्यात असेल तर ही यादी कोणत्या टेबलावर जाईल, सांगा.

बिल अडकणं हीच खरी अडचण असेल, तर त्यासाठी ट्रेड्स (TReDS) हा बिलांवर आधी पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच आहे: खरेदीदाराने मान्य केलेलं बिल तिथे लिलावात जातं, बँका बोली लावतात, पैसे आधी मिळतात. खरेदीदार नोंदणीकृत हवा, घोडं तिथेच अडतं.

ठेवीबद्दल म्हणाल, तर विमा एका बँकेत माणशी 5 लाख, मुद्दल-व्याज मिळून, सगळ्या शाखा एकत्र धरून. कुठल्याही बँकेत त्याहून जास्त ठेवण्याआधी वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये 20 सर्वांत मोठ्या कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती टक्के आहे तो आकडा बघा. पतसंस्थेला हा विमा लागूच नाही.