‘विषय राहिला’ हे घरी कसे सांगावे?

पहिल्या सत्राचे निकाल लागले की पुढचे तीन-चार आठवडे समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न शब्दांच्या थोड्या फरकाने एकच असतो. बारावीपर्यंत आपण कधी मागे पडलो नाही, आता पहिल्याच सत्रात विषय राहिले, मग आपण ठरवलेले सगळे संपले का, आणि हे घरी सांगायचे कसे? या प्रश्नाला मी एका विद्यार्थिनीच्या अनुभवातून उत्तर देणार आहे. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ती सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातून पुण्यात संगणक अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आली होती. दहावीपर्यंतचे शिक्षण गावातल्या मराठी शाळेत झालेले, दहावीला शाळेत पहिली, सीईटीतही चांगले पर्सेंटाइल. वडील एसटीत वाहक आहेत आणि आई गावातल्या शाळेत पोषण आहार शिजवण्याचे काम करते. पहिल्या सत्रात तिचे गणित, ज्याला विद्यार्थी ‘एम-वन’ म्हणतात, आणि मूलभूत विद्युत अभियांत्रिकी असे दोन विषय राहिले. घरी मात्र तिने ‘सगळे सुटले’ असे सांगितले होते. माझ्याकडे ती स्वतःहून आली नव्हती. ती मेसमध्ये जेवायला येईनाशी झाली आणि दिवसदिवस खोलीत पडून राहू लागली, तेव्हा तिची मैत्रीण तिला हात धरून घेऊन आली.

पहिल्या भेटीत मी अभ्यासाविषयी काहीच विचारले नाही. झोप, जेवण आणि ‘जगणे नकोसे वाटते का, स्वतःला काही करून घेण्याचा विचार येतो का’ हे मात्र मी सरळ शब्दांत विचारले. असे विचारल्याने तो विचार मनात रुजतो अशी भीती अनेक पालकांना आणि शिक्षकांनाही वाटते, पण ती खरी नाही. उलट कोणीतरी हे उघडपणे विचारले याने बोलणाऱ्याला सुटल्यासारखे वाटते. तिच्या मनात तसा विचार नव्हता. तरीही २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या शासकीय दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मी तिच्या फोनमध्ये तिच्याकडूनच साठवून घेतला, कारण रात्री दोन वाजता मी उपलब्ध नसते आणि त्या क्रमांकावर मराठीत बोलणारे माणूस मिळू शकते.

मग मी विचारले, “या सगळ्यात तुला सर्वांत जड काय जाते?” मला वाटले होते की ती निकाल म्हणेल. ती म्हणाली, “रात्री नऊचा फोन, मॅडम.”

वडील ड्यूटीवरून आले की रोज नऊच्या सुमारास फोन करतात, “जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय” एवढेच विचारतात, आणि ती रोज “छान चाललाय” असे म्हणते. निकालाला महिना झाला होता, म्हणजे तीसेक वेळा तिने हे उत्तर दिले होते. गुढीपाडव्याला ती घरी गेली नाही, कारण समोरासमोर खोटे बोलणे जमणार नाही हे तिला ठाऊक होते. तिच्या दुःखात दोन वेगवेगळी दुःखे मिसळली होती असे माझ्या तेव्हा लक्षात आले. एक नापास होण्याचे होते आणि दुसरे ते लपवल्यामुळे आपण आपल्याच नजरेत कोण झालो याचे. माझ्या अनुभवात नव्या विद्यार्थ्यांना दुसरे दुःख जास्त पोखरते, आणि घरचे, शिक्षक, मित्र सगळे मिळून समजूत घालत असतात ती पहिल्याची.

तिच्या मामांनी तिला दहावीनंतरच थोरांच्या अपयशाच्या गोष्टी पाठवल्या होत्या आणि त्या आता तिला पुन्हा पुन्हा आठवत होत्या. गणिताखेरीज इतर विषयांत नापास झाल्याने रामानुजन यांची कुंभकोणमच्या महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गेली, १८८८ मध्ये भावनगरच्या सामळदास महाविद्यालयात गेलेले गांधीजी एका सत्रातच घरी परतले, हे सारे खरेच आहे. पण जिला रात्री झोप लागत नाही अशा अठरा वर्षांच्या मुलीला या गोष्टी सांगणे मी टाळते. त्या तिच्यासमोर आणखी एक उंची उभी करतात, आणि तिच्या उत्तरपत्रिकेत नेमके काय घडले याबद्दल त्यांतून काहीच कळत नाही.

दुसऱ्या भेटीला तिने मी सांगितल्याप्रमाणे वसतिगृहातल्या भिंतीवरचा कागद आणला होता. त्यावर ऑगस्टमध्ये तिने लिहिले होते: नऊ पॉइंटर (म्हणजे दहापैकी सरासरी नऊ श्रेणीगुण), चांगले पॅकेज, आईबाबांना पक्के घर. यातले प्रत्येक ध्येय चांगले होते, पण तिघांचीही तारीख चार वर्षांनंतरची होती आणि निम्मी सूत्रे तिच्या हातात नव्हती. ‘पॅकेज’ हा शब्द तिच्यापर्यंत प्रवेशाच्या धावपळीत लोकांच्या बोलण्यातून आला होता, हे तिने स्वतःच सांगितले. स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या ‘स्वीकार आणि बांधिलकी’ उपचारपद्धतीत ध्येय आणि मूल्य यांत एक फरक केला जातो, तो मला इथे फार उपयोगी वाटतो. ध्येय गाठता येते किंवा हुकते. मूल्य म्हणजे वागण्याची रीत, आणि तसे वागणे निकाल कसाही लागला तरी आज, या क्षणी शक्य असते. मात्र हा फरक मी व्याख्या देऊन समजावत नाही, कारण ‘तुझी मूल्ये कोणती’ असे विचारले की विद्यार्थी नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले शब्द सांगतात. म्हणून मी तिला वडिलांबद्दल विशेष आदर वाटला असा एखादा प्रसंग सांगायला सांगितले.

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग एका संध्याकाळबद्दल बोलू लागली. ती सातवीत होती. जत्रेची गर्दी होती, गाडी खच्चून भरलेली होती आणि आगारात भरणा करताना तिकिटांच्या हिशोबापेक्षा रोकड दोनशे चाळीस रुपये कमी भरली. वडिलांनी ते पदरचे घातले. घरी आल्यावर जेवायच्या आधी, सगळ्यांसमोर त्यांनी सांगितले, “आज माझी चूक झाली, पैसे कमी पडले, या आठवड्यात जपून खर्च करू.” आई काही बोलली नाही, तिने ताटे वाढली. “बाबांना लपवता आलं असतं,” ती म्हणाली, “घरी कोणाला कळलंही नसतं.” एवढे बोलून ती रडू लागली, आणि मी तिला रडू दिले. तिला कशाची किंमत आहे हे आता आम्हां दोघींसमोर होते, आणि त्यासाठी प्रामाणिकपणा हा शब्द आम्हांला वापरावा लागला नाही.

तरीही ‘लगेच फोन कर’ असे मी म्हटले नाही. मुलीच्या बाबतीत विषय राहणे म्हणजे शिक्षण थांबवून लग्नाचा विषय निघणे असाही अर्थ काही घरांत होतो, आणि काही घरांत मारहाणही होते. तिथे आधी मोठी बहीण, मामा किंवा महाविद्यालयातील जीएफएम म्हणजे पालक-प्राध्यापक यांना विश्वासात घ्यावे लागते. तिच्या घरी तशी भीती नव्हती, याची खात्री करून घेतल्यावरच आम्ही बोलण्याची तयारी केली. वाक्ये तिची, क्रम आम्ही दोघींनी ठरवलेला: आधी जे खरे आहे ते, मग खोटे बोलल्याची कबुली, आणि शेवटी पुढे काय करणार ते. यातल्या शेवटच्या गोष्टीपाशी आम्ही अडलो, कारण पुढे काय करणार हे तिला सांगता येत नव्हते. “जास्त अभ्यास करीन” याखेरीज तिच्याकडे काही नव्हते, आणि तिने आधीही रोज चार-पाच तास अभ्यास केला होता.

म्हणून आम्ही उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीसाठी अर्ज केला. विद्यापीठे ठरावीक मुदतीत शुल्क घेऊन ती देतात, पण बहुतेक विद्यार्थी पुनर्मूल्यांकनात गुण वाढण्याची आशा असेल तरच ती मागवतात. आपण कुठे चुकलो हे पाहण्यासाठी मागवणारे फार थोडे. मुदत संपायला चार दिवस उरले होते. प्रत आल्यावर ती पाहायला ती तयार नव्हती, तेव्हा पहिले पान मी उघडले. गणितात ७० पैकी १९ गुण होते. गेलेल्या ५१ गुणांची आम्ही पेन्सिलने वाटणी केली: २४ गुणांच्या प्रश्नांना तिने हातच लावला नव्हता, १८ गुण अर्ध्यावर सोडलेल्या उदाहरणांत गेले होते आणि ९ गुण चिन्हाच्या किंवा आकडेमोडीच्या चुकांत. आंशिक अवकलनाच्या प्रश्नात ऑयलरचे प्रमेय तिने अचूक लिहिले होते, पण दिलेले फल (फंक्शन) पुस्तकातल्यापेक्षा थोडे वेगळे दिसताच ती थांबली होती. “हे मला येत होतं,” ती म्हणाली, आणि लगेच, “म्हणजे, वाचताना येत होतं.”

या एका वाक्यात तिच्या अपयशाचे कारण होते. ती मार्गदर्शक पुस्तकातली (गाइडमधली) सोडवलेली उदाहरणे रोज वाचत होती, कोऱ्या कागदावर एकही सोडवत नव्हती. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला आणि दुसऱ्याने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. हे मी तिला सांगितले, कारण ‘माझ्यात हुशारीच नाही’ या समजुतीपेक्षा ‘माझी पद्धत पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेसाठी होती’ हे तिच्याबाबतीत अधिक खरे होते. इंग्रजीतून शंका विचारण्याचा संकोच हेही एक कारण होते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ‘ई-कुंभ’ संकेतस्थळावर मराठीतूनही पुस्तके विनामूल्य दिली आहेत. संकल्पना आधी मराठीतून समजून घ्यायची आणि मग उदाहरण इंग्रजीतून, पुस्तक मिटून सोडवायचे, असे तिने ठरवले. रोज दोन उदाहरणे. भिंतीवरच्या कागदाच्या जागी तिने एवढेच लिहिले.

आपल्या बोलण्यात ‘विषय राहिला’ असे म्हणतात, याकडे मी विद्यार्थ्यांचे लक्ष मुद्दाम वेधते. ‘मी नापास’ म्हणताना माणसावर शिक्का बसतो. ‘विषय राहिला’ म्हणताना एक काम शिल्लक आहे एवढेच कळते. पण हे वाक्य खरे ठरायला काय राहिले आहे ते ठाऊक असावे लागते. आता तिला ते ठाऊक होते, २४, १८ आणि ९ अशा आकड्यांत.

फोन तिने रविवारी केला. वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “किती राहिले?” ती म्हणाली, “दोन.” आणि खोटे बोलल्याचेही सांगितले. “ते मला लागलं,” ते म्हणाले. त्यांनी ते लपवले नाही, याचे मला फार बरे वाटले. दुसऱ्या दिवशी रात्री नऊला त्यांचा फोन नेहमीसारखा आला. “जेवलीस का?” आणि मग, “आजची दोन झाली का?”

जुलैच्या शेवटी ती माझ्याकडे आली तेव्हा एम-वन सुटला होता. विद्युत अभियांत्रिकी सात गुणांनी पुन्हा राहिला होता. “बाबांना काल रात्रीच सांगितलं,” ती खुर्चीत बसता बसता म्हणाली, आणि पिशवीतून छायाप्रतीचा अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. एका रकान्यात काय भरायचे ते तिला विचारायचे होते.