"सासू पेते जी, सांगू कोनाले?"

रोवणा (भाताची लावणी) आटोपला की ग्रामीण रुग्णालयातल्या माझ्या टेबलासमोर हे वाक्य हमखास येतं. नवऱ्याच्या दारूबद्दल बायका मोठ्यानं बोलतात, सासूच्या दारूबद्दल पदर तोंडाशी धरून.

सिंदेवाहीकडची एक सून सत्तरीच्या सासूला घेऊन आली (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत). सासूचे हात थरथरत होते, न्हाणीत दोनदा पडली होती. मुलानं शिशी फोडली, तर बुढीनं दुसरी आणवली. "बंदी होती तेच बरं होतं," मुलगा म्हणाला. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती खरी, पण मोहाची तेव्हाही मिळायचीच.

"का पिता?" असं मी कधी विचारत नाही. माणूस त्यावर एक तर कबुली देतं, नाही तर खोटं बोलतं. मी विचारलं, "केव्हा लागते?"

"रोवण्यात कंबर ठनकते, तवा घेत होती. आता रोजच. झोप नाही येत."

पुढच्या भेटी कंबरेतच गेल्या. मग एकदा सून बाहेर गेली तशी म्हणाली, "मोहाची मीच काढत होती जी. तिच्यावरच पोरगा शिकला. आता तोच म्हणते, नाक कापलं."

पुढच्या वेळी मुलाला बोलावलं आणि हेच त्याच्यासमोर सांगायला लावलं. तो बराच वेळ खाली बघत होता. मग त्यानं विचारलं, "पोलीस आले तर लपवत कुठं होती वो?"

"तनसीत." म्हणजे भाताच्या पेंढ्यात.

दोघंही हसले. त्या हसण्याची मी वाट बघत होते. घरातली लाज सैल झाल्याशिवाय दारूचा विषय निघत नाही, हे माझं जुनं मत आहे.

तेव्हा सुनांनो, शिशी फोडू नका. रोज पिणाऱ्या बाईची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. झटके येतात, भ्रम होतो, जिवावर बेततं. आधी डॉक्टरांना दाखवा. उतारवयात अंगातलं पाणी कमी होतं, म्हणून पूर्वीएवढ्याच घोटानं आता तोल जातो. दारूनं डोळा लागतो, पण पहाटेआधीच झोप मोडते. वर झोपेची गोळी घेतली तर श्वासच मंदावतो. दवाखाना लांब असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं.

आजीची दारू डॉक्टरांच्या देखरेखीत सुटली, कंबरेवर उपचार सुरू आहेत. बाजाराच्या दिवशी घोटभर चालेल का, असं दर भेटीला विचारते. मी नाही म्हणते. ती पुन्हा विचारते.