सकाळी ७ ची लोकल पकडायची असते. अंडी आणि फळं रोजच्या खाण्यात कशी बसवू?

माझंही घड्याळ तुमच्यासारखंच आहे, म्हणून जे जमलंय ते सांगते.

रात्री ओटा आवरताना चार अंडी उकडून ठेवा. पाण्याला उकळी आली की अंडी सोडा, मध्यम आचेवर ९-१० मिनिटं, आणि लगेच गार पाण्यात. जास्त उकळली की बलकाभोवती हिरवट कडा येते, गंधकाचा वास सुटतो. मुलं नाक मुरडतात ती बहुतेकदा त्या वासामुळे! टरफलासकट फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी फक्त सोलायचं.

बलक टाकू नका. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, त्यातली निम्म्याला थोडी कमी बलकात; ड जीवनसत्त्व तर सगळं तिथेच. (कोलेस्टेरॉल किंवा मधुमेह असेल तर किती खायची ते डॉक्टरांना विचारा.)

पण अंड्यात क जीवनसत्त्व नाही आणि तंतूही (फायबर) नाहीत. ती उणीव फळं भरून काढतात, आणि त्यासाठी महागडी किवी अजिबात लागत नाही. दादर स्टेशनबाहेरचा साधा पेरू क जीवनसत्त्वात संत्र्याच्या कितीतरी पुढे आहे. डब्याबरोबर अख्खा पेरू किंवा केळं न्या. पेरू घरूनच धुऊन घ्या. रस्त्यावरची कापलेली फळं, विशेषतः पावसाळ्यात, टाळाच. रसापेक्षा फळ चावून खाल्लेलं बरं; गाळण्यात तंतू जातात.

मुंबईच्या उकाड्यात उकडलेलं अंडं जेवणाच्या सुट्टीपर्यंत डब्यात ठेवू नका, ऑफिसात पोचल्या पोचल्या खाऊन टाका.