गव्याला वशिंड नसतं (भटकणं सोडू का विचारणाऱ्यासाठी)

तू विचारलंयस की शिल्पकलेचा डिप्लोमा चालू आहे, प्राण्यांचीच शिल्पं करायचीत, पण दर रविवारी डोंगरात जातोस म्हणून घरचे म्हणतायत भटकणं बंद कर आणि कामाला बस. मी साताऱ्यात वीसेक वर्षं हेच काम करतोय म्हणून सांगतो, बंद करू नकोस बाबा.

माझा पहिला गवा मी फोटो बघून शाडूत केला, दीड फुटाचा. आजोळ आटपाडीकडचं, गोठ्यात खिलार, त्यामुळं बैल म्हटलं की डोळ्यापुढं तेच, हातानं आपोआप खांद्यावर गोल वशिंड चढवलं आणि मला ते भारीच वाटत होतं. मग एकदा पाटणच्या पुढं कोयनेच्या जंगलाकडेला पहाटे खरा गवा आडवा उभा दिसला, लांबच होता, पण अंग सगळं दिसत होतं. त्याला वशिंड नसतंच! मानेमागून पाठीच्या निम्म्यापर्यंत उंच धार जाते आणि तिथं एकदम पायरीसारखी खाली उतरते. आत मणक्यांची वरची हाडं लांब असतात म्हणून ती धार, मांसाचा गोळा नव्हे, त्यामुळं चालताना खिलाराचं वशिंड डुलतं तसं काही डुलत नाही, सगळा भार खांद्यात दिसतो. माझ्याकडचे फोटो सगळे समोरून काढलेले, त्यात ती पायरी कुठून दिसणार. घरी येऊन पाठ पूर्ण खरवडली, आतली तार परत वाकवली, आणि तोच गवा पुढं ब्राँझमध्ये ओतला.

एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये बारी म्हणून शिल्पकार होता, सुसर फाडणारा वाघ १८३१ साली प्रदर्शनात मांडला त्यानं. तो काय वाघाच्या जंगलात गेला नव्हता, पण तिथल्या प्राणिसंग्रहालयात बसून जिवंत जनावरांची स्केचेस करायचा, मेलेल्यांची मापं घ्यायचा. आपल्याला तर चांदोली, कोयना दाराशी आहे, २०१० पासून दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झालाय.

पैशाचं खरं सांगतो, नुसत्या वन्यप्राण्यांवर सुरुवातीला घर चालत नाही. आपल्याकडं काम येतं ते अर्धपुतळ्यांचं, गणपतीच्या साच्यांचं, आणि महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं. पण तिथंच भटकणं कामी येतं बघ, घोडा नीट करणारा माणूस शोधत येतात लोक. मला पहिलं मोठं काम घोड्याच्या मागच्या पायांमुळं मिळालं, स्वार कुणी बघितलाच नाही.

येत्या रविवारी सागरेश्वरला जा, सकाळी लवकर. मोबाईल खिशात ठेव, वही आणि पेन्सिल घे. चितळ, सांबर, काळवीट तिघंही आहेत तिथं. एकच चितळ धर आणि मान खाली घालून चरताना खांद्याचं हाड कातडीखाली कसं वर येतं तेवढंच काढ, वीस वेळा. चुकलेली पानं फाडू नकोस, ती घेऊन साताऱ्याला ये, आपण तारेचा सांगाडा त्यावरूनच बांधू.