'स्पिरिटेड अवे' या जपानी ॲनिमेशनपटातली पाण्यावरची रेल्वे व्हीआरमध्ये (डोळ्यांवर हेडसेट चढवून बघायच्या आभासी दृश्यात) कशी करावी? ब्लेंडर (थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) थोडं येतं. हेडसेट कोणता घेऊ?

हेडसेटचं शेवटी बघू. आधी सिनेमातला कॅमेरा डोक्यातून काढा. 2001 च्या त्या सिनेमात चिहिरो ही छोटी नायिका गाडीत गप्प बसून असते आणि बाहेर नजर जाईल तिथवर पाणी. निम्मे लोक हा प्रसंग करताना शॉट बदलेल तसा कॅमेरा फिरवतात, मग बघणारा दोन मिनिटांत हेडसेट काढून खुर्चीचा हात धरतो. त्याला सीटवर बसवा आणि सोडून द्या. खिडकी आहे की चौकटीला.

गाडी चालवूच नका. डबा जागेवर स्थिर; बाहेरचे खांब, बेटं, घरं मागे सरकवायची आणि मागे गेलेली उचलून परत पुढे लावायची. सेकंदाला 11 मीटर, म्हणजे ताशी 40 किलोमीटर, वेग एकसारखा. ब्रेक दाखवलात की पोटात ढवळतं. थांबवायचीच असेल तर आधी काळोख करा. सीट 42 ते 45 सेंटिमीटर उंच. ब्लेंडरमधून युनिटीत (व्हीआर दृश्य चालवणाऱ्या गेम इंजिनात) नेण्याआधी स्केल अप्लाय करा, म्हणजे बदललेलं माप मॉडेलमध्ये पक्कं करा, नाहीतर डबा एक तर काडेपेटीएवढा येतो किंवा देवळाएवढा.

आता पाणी. इथंच सगळे महागडे शेडर (पृष्ठभाग कसा दिसावा ते ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) शोधत बसतात. बेळगावचा बळ्ळारी नाला भरून येळ्ळूर-वडगावच्या शिवारात पाणी पसरलं की बघून या. लाटा दिसतात काय? दिसतो उलटा खांब, उलटं झाड, खाली आभाळ. तेच करा. बाहेरच्या सगळ्या वस्तूंची एक प्रत घ्या, झेड स्केल उणे 1 करा, स्केल अप्लाय करा, नॉर्मल्स (पृष्ठाची बाहेरची बाजू कोणती ते सांगणाऱ्या दिशा) आत वळले असतील तर उलटे करा (विसरलात तर खांबाची पुढची बाजू गायब होऊन आतली दिसते), आणि दोन्हींच्या मध्ये अर्धपारदर्शक पाण्याचा एकच पत्रा. एकच! पारदर्शक थर वाढले की हेडसेटमधली मोबाईलवाली चिप बसलीच म्हणून समजा. रिफ्लेक्शन प्रोबने (एका जागेवरून भोवतालचं चित्र टिपून ते प्रतिबिंब म्हणून वापरायची सोय) प्रतिबिंब पाण्यावर स्टिकर चिकटवल्यासारखं दिसतं, कारण दोन्ही डोळ्यांना खोली चुकीची मिळते. उलट्या प्रतीत खोली आपोआप बरोबर येते. आभाळ मात्र रंगवलेलंच ठेवा. लांबच्या चित्राचा सपाटपणा डोळ्याला कळत नाही. चार-पाच मीटरच्या आतली वस्तू चित्राची ठेवलीत तर पुठ्ठा लगेच ओळखू येतो.

'हाताने काढलेलं ॲनिमेशन व्हीआरमध्ये चालत नाही, 12 फ्रेमला चक्कर येते' हे ऐकून कान किटले. चक्कर येते ती डोकं वळवल्यावर दृश्य मागे राहिलं तर. डोक्याचा हिशोब सेकंदाला 72 फ्रेमचाच, म्हणजे प्रत्येक फ्रेमला 13.9 मिलिसेकंद. पण पडदा, केस, शेजारचा प्रवासी खुशाल सेकंदाला 12 चित्रांवर हलवा. 72 ला 12 ने नेमका भाग जातो, एक चित्र सहा फ्रेम टिकतं. 90 वर साडेसात येतात, मग हालचाल अडखळते. तेवढ्यासाठी 72 सोडू नका.

हे आकडे क्वेस्ट 2 सारख्या, कॉम्प्युटरविना चालणाऱ्या हेडसेटचे. मित्राकडे जुना असेल तर तोच मागून आणा. उन्हात ठेवू नका, भिंगातून ऊन आत गेलं की स्क्रीनवर कायमचा डाग पडतो. आणि हो, पात्रं नि संगीत सिनेमातलंच वापरलंत तर घरात दाखवा, विकायला काढू नका.