अंतिम सामन्यात प्लेटमागे उभे राहताना
लिटल लीग या मुलांच्या बेसबॉलच्या अंतिम सामन्यात आपण पंच म्हणून प्रथमच प्लेटमागे, म्हणजे फलंदाजाजवळच्या जमिनीवरील पाटीमागे, उभे राहणार असाल, तर पहिल्या डावापासून सहाव्यापर्यंत स्ट्राइक झोन (ज्यातून गेलेला चेंडू न मारल्यासही फलंदाजाविरुद्ध स्ट्राइक मोजला जातो ती प्लेटवरची जागा) एकच ठेवा. नियमाने तो फलंदाजाच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंत असतो, आणि बारा वर्षांच्या मुलांच्या उंचीत फार तफावत असल्याने प्रत्येक फलंदाजागणिक तो नव्याने नजरेत बसवावा लागतो. कॅचरने, म्हणजे फलंदाजामागे बसणाऱ्या खेळाडूने, चेंडू कुठे पकडला यापेक्षा तो प्लेटवरून कुठून गेला हेच महत्त्वाचे. म्हणून चेंडू ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत नजर हलवू नका आणि क्षणभर थांबूनच निर्णय द्या. प्रशिक्षकाने नियमाविषयी शंका काढली तर ती अवश्य ऐकून घ्या, स्ट्राइकवरची हुज्जत मात्र शांतपणे तिथेच थांबवा. ज्यावर फलंदाज सहसा बाद होतो तो तिसरा स्ट्राइक पुकारताना मुलाच्या तोंडावर ओरडू नये, असे माझे ठाम मत आहे.