एडिंबरोची कविता, वॉशिंग्टनचा बँड

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

"ब्रिटिश साहित्याशी आमचा काय संबंध?" असं तू ओहायोत शिकवतेस त्या वर्गातला मुलगा विचारतो, यात त्याचं काही चुकलं नाही. तू त्याला "माणसाच्या भावना सगळीकडे सारख्याच" असं सांगितलंस, ते मात्र मला पटलं नाही. उत्तर खोटं नाही, गुळमुळीत आहे. त्याच्याशी वादसुद्धा घालता येत नाही. साम्यं शोधत बसू नकोस. ते पुस्तक अमेरिकेत कुणाच्या हाती पडलं आणि त्यांनी त्याचं काय केलं, ते दाखव.

वॉल्टर स्कॉटची 'द लेडी ऑफ द लेक' घे. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातली ही दीर्घकविता १८१० साली आली. आज ती कुणी आपणहून वाचत नाही. मलाही अख्खी पुन्हा वाचायला सांगू नकोस. पण राष्ट्राध्यक्ष येताना बँड 'हेल टु द चीफ' वाजवतो ना, ते शब्द या कवितेतले. दुसऱ्या सर्गात रॉडरिक धू हा टोळीचा सरदार तळ्यातून नावेने येतो आणि वल्ही मारणारे त्याचे लोक त्याच्या नावाने गातात. जेम्स सँडरसन या इंग्रज संगीतकाराची चाल अमेरिकेत पोचली, रुळली आणि १९५४ मध्ये संरक्षण खात्याने तिला राष्ट्राध्यक्षांची अधिकृत मानवंदना ठरवलं. वर्गात आधी धून वाजव, मग ओळी वाच. मग विचार, या सरदाराचं पुढे काय होतं? तो वेषांतर केलेल्या राजाशी द्वंद्वात हरतो आणि कैदेत मरतो. पेंगणारी मुलंसुद्धा इथे मान वर करतात.

आता मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला ये. सप्टेंबर १८३८ मध्ये फ्रेडरिक बेली हा तरुण बाल्टिमोरच्या गुलामीतून निसटून तिथे पोचला. पकडलं जाऊ नये म्हणून वाटेत त्याने जॉन्सन हे आडनाव घेतलं होतं. पण त्या गावात जॉन्सनांचा नुसता सुळसुळाट! त्याला आसरा देणारा कृष्णवर्णीय गृहस्थही नेथन जॉन्सनच. तो तेव्हा नेमकी हीच कविता वाचत होता. तिच्यातल्या परागंदा उमरावाचं नाव त्याने पाहुण्याला सुचवलं, आणि बेलीचा फ्रेडरिक डग्लस झाला, पुढे गुलामगिरीविरुद्ध लढणारा नामवंत वक्ता आणि लेखक तो हाच.

तिसऱ्या सर्गात टोळी गोळा करायला क्रूस पेटवतात, बकऱ्याच्या रक्तात विझवतात आणि धावत गावोगाव फिरवतात. कू क्लक्स क्लॅन, म्हणजे कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची गुप्त संघटना. १८६०च्या दशकातली मूळ क्लॅन क्रूस जाळत नव्हती. थॉमस डिक्सनने १९०५च्या कादंबरीत ही स्कॉटिश रीत तिला चिकटवली. त्या कादंबरीवरून १९१५ मध्ये चित्रपट निघाला आणि त्याच वर्षी जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर नव्या क्लॅनने खराखुरा क्रूस पेटवला. डग्लसला नाव देणारी कविता हीच. हे दोन्ही एकाच तासाला शेजारी शेजारी ठेव आणि थोडा वेळ गप्प राहा. मात्र क्रूसाचा विषय येणार आहे, हे मुलांना आदल्या तासाला सांगून ठेव. वर्गात कुणाच्या घरी या आठवणी अजून ताज्या असतील, तुला ठाऊक नाही.

मार्क ट्वेनने तर 'लाइफ ऑन द मिसिसिपी'त अमेरिकेच्या यादवी युद्धाचं बरंचसं खापर स्कॉटवर फोडलंय. मला ती अतिशयोक्ती वाटते, पण वर्गात भांडण लावायला यापरतं साधन नाही.

सगळी कविता नेमू नकोस. दुसरा आणि तिसरा सर्ग पुरेत, त्यातलीही निसर्गवर्णनं गाळलीस तर स्कॉट रागावणार नाही. आणि त्या मुलाला न्यूयॉर्कच्या १८४९च्या अ‍ॅस्टर प्लेस दंगलीवर टिपण काढायला सांग. मॅकबेथ इंग्रज नट मॅक्रेडीचा सरस की अमेरिकन नट फॉरेस्टचा, या वादातून रस्त्यावर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसं मेली. संबंध काय, ते तोच येऊन तुला सांगेल.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
सर